श्रिंप किटमधल्या चुकीच्या सूचनेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: 20 लिटरच्या श्रिंप किटच्या (शोभेच्या छोट्या कोळंब्या पाळायच्या टाकीच्या संचाच्या) पत्रकातली ‘24 तासांनंतर श्रिंप सोडा’ ही ओळ

आज सव्वापाचला तुमच्या माणसाशी माझं पाचव्यांदा बोलणं झालं. ‘तुमची तक्रार सिस्टीममध्ये क्लोज दाखवतेय’ असं त्याने सांगितलं. माझ्या बाजूने ती मिटलेली नाही, म्हणून हे पत्र.

किट मी 10 जानेवारीला लावलं. किंमत 4,850 रुपये. टाकी माझ्या सासऱ्यांसाठी होती. नोव्हेंबरात त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ते पलंगावर आहेत आणि खिडकीतून त्यांना समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसते. पलंगाशेजारच्या टेबलावर काहीतरी हिरवं, हलतं असावं, एवढीच इच्छा होती.

श्रिंप सोडण्याआधी मी तुम्हाला फोन केला होता. आमच्या घरी नऊ वर्षं गप्पी मासे आहेत; नव्या टाकीत लगेच जीव सोडायचे नसतात हे मला माहीत आहे. त्यात ही काळी सॉइल, म्हणजे किटसोबत आलेली टाकीच्या तळाची माती. ती पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडते, आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर नि मातीत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. हे मी तुम्हाला शिकवायचं कारण नाही, सॉइल तुमचीच आहे. मी स्पष्ट विचारलं की पत्रकात 24 तास लिहिलंय ते बरोबर आहे का. उत्तर आलं, “मॅडम, बाटलीतले बॅक्टेरिया त्यासाठीच दिलेत. बिनधास्त सोडा.” हे बोलणं तुमच्याकडे रेकॉर्ड झालेलं असणार. ते काढून ऐका.

11 तारखेला संध्याकाळी एका हौशी पाळणाऱ्याकडून बारा चेरी श्रिंप आणल्या. नळीतून थेंब थेंब करत दोन तास त्यांना नव्या पाण्याची सवय केली, मग सोडल्या. त्यांतली एक मादी अंडी धरलेली होती. पोटाखाली वीस-बावीस पिवळसर अंडी, आणि पोहायचे पाय सतत हलवून ती त्यांना वारा घालत होती. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसायचे, पिल्लांचे डोळे. फुटायला आठवडाही उरला नव्हता. माझे सासरे दिवसभर त्याच मादीकडे बघायचे आणि रोज सकाळी मला श्रिंपचा आकडा सांगायचे.

14 ला आकडा दहा झाला. मी टेस्ट किट काढलं. अमोनियाच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं, ते गडद हिरवं झालं. पांढऱ्या कागदासमोर धरून तक्त्याशी ताडलं, 4 पीपीएम (दहा लाखांत चार भाग). पीएच 6.6 होता, म्हणजे पाणी किंचित आम्लधर्मी, म्हणून त्यातला बराचसा भाग कमी विषारी अमोनियमच्या रूपात होता. त्यामुळे सगळ्या एका रात्रीत मेल्या नाहीत, रोज एकदोन करत गेल्या. पुढे नायट्राइटही चढलं; अमोनिया पचवताना जिवाणू ते तयार करतात आणि तेही विषारीच. मी रोज तीस टक्के पाणी बदलत होते, क्लोरीन काढून. त्याच दिवशी तुमच्याकडे दुसरा फोन केला होता आणि उरलेल्या श्रिंप जुन्या टाकीत हलवू का असं विचारलं होतं. “हलवू नका, स्ट्रेस येईल, दोन दिवसांत बॅलन्स होईल,” असं सांगितलं गेलं. ते मी ऐकलं, याचं मला फार वाईट वाटतं. 17 ला ती मादी आडवी पडली. पाय दुपारपर्यंत हलत होते. 20 ला एकच श्रिंप उरली, तेव्हा कोणालाही न विचारता मी तिला गप्पींच्या टाकीत जाळीच्या पेटीत ठेवलं. ती आजही जिवंत आहे.

आता आजचं बोलणं. ते जसंच्या तसं लिहिते, कारण तुमच्या नोंदीत ते येणार नाही.

मी बारापैकी अकरा मेल्याचं सांगितलं. तो म्हणाला, “मेल्या नसतील, कात टाकली असेल.” मी म्हटलं, कात पारदर्शक आणि पोकळ असते, मेलेली श्रिंप दुधट-गुलाबी होते, मला दोन्ही ओळखता येतात. मग, “खाणं जास्त घातलं असेल.” मी म्हटलं, चार दिवस काहीच घातलेलं नव्हतं, टाकीतल्या मॉसवर, म्हणजे पाणशेवाळावरच चरत होत्या. मी अमोनियाचे आकडे वाचायला लागले तर मध्येच थांबवून, “अमोनिया म्हणजे घरात फिनाइल वगैरे वापरता का?” मी म्हटलं, अमोनिया तुमच्या सॉइलमधून येतो. यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, “मॅडम, घरात कोणी सर आहेत का? त्यांना फोन द्या, मी त्यांना समजावतो.”

घरात सर आहेत. ते खाटेवर आहेत आणि ते सगळं ऐकत होते, कारण फोन स्पीकरवर होता. किट मी विकत घेतलं, मी लावलं, पाणी मी तपासलं, पाचही फोन मी केले. माझ्या आकड्यांवर तुमच्या माणसाकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्याने माझ्याशी बोलणंच नाकारलं. मी नकार दिल्यावर म्हणाला, “मॅडम, पन्नास-साठ रुपयांची कोळंबी, दुसरी आणा ना.” आणि मग, जिवंत प्राण्यांची भरपाई धोरणात बसत नाही, तक्रार क्लोज.

मी 720 रुपयांच्या श्रिंपचे पैसे एकदाही मागितलेले नाहीत. पहिल्या फोनपासून माझं एकच म्हणणं आहे की पत्रकातली ओळ चूक आहे. 24 तासांत ती सॉइल तयार होत नाही. पाच फोनांत एकानेही ‘ही ओळ तपासतो’ असं म्हटलं नाही.

किटमधल्या इतर वस्तू चांगल्या आहेत, हेही लिहिते. काच स्वच्छ जोडलेली आहे, फिल्टरचा आवाज येत नाही, मॉस दुप्पट वाढलंय. तुमच्याच कंपनीचा एक फिल्टर सहा वर्षं माझ्या जुन्या टाकीत चालू आहे, त्या भरवशावर मी हे किट घेतलं. टाकी मी श्रिंपशिवाय चालू ठेवली आणि जिवाणू यावेत म्हणून जुन्या टाकीतला स्पंज पिळून त्याचं पाणी आत घातलं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले ते 33 व्या दिवशी. हे तुम्हीही कुठल्याही खोलीत करून बघू शकता.

माझ्या मागण्या: पत्रकात ‘24 तास’ काढून ‘अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावरच, साधारण चार ते सहा आठवड्यांनी’ असं छापा. दुकानात असलेल्या खोक्यांवर तशी चिठ्ठी लावा. माझ्या पहिल्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकून लेखी खुलासा द्या. आणि आजच्या त्या वाक्याबद्दल माफी मागा, तीही मला आणि लेखी.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 84 मध्ये वापराच्या अपुऱ्या सूचनांसाठीही उत्पादकाला जबाबदार धरलं आहे. पत्रक, रोजच्या तपासणीची वही आणि नळ्यांचे तारीखवार फोटो माझ्याकडे आहेत.

यापुढे फोन करू नका. लेखी कळवा, माझ्या नावाने.

आपली ग्राहक