चानी निघून गेली ते बरंच झालं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पत्रांच्या सदरात ‘ड्यून’ सिनेमाच्या दुसऱ्या भागावर एका वाचकाचं पत्र आलं होतं, की दिग्दर्शकाने पुस्तकाचं पार वाटोळं केलं, काही वर्षांची गोष्ट काही महिन्यांत उरकली आणि शेवट तर स्वतःच्या मनाचाच घुसवला, नायिका चानी नायक पॉलला सोडून निघून जाते. ते वाचता वाचता माझा चहा गार झाला. राग आला असं नाही, त्यातलं बरंच पटलंसुद्धा, पण जो मुद्दा त्यांनी सगळ्यात जोरात मांडलाय नेमका तोच मला उलटा वाटतो, आणि आमच्या घरात गेले पंधरा दिवस जेवणाच्या ताटावर ह्याच विषयावर जुंपलेली असते, तेव्हा म्हटलं आपणही चार ओळी लिहाव्यात. चाराच्या वर होतील, कात्री तुमच्या हातात आहे.

आधी माझी लायकी सांगतो. मी साहित्यातला माणूस नाही, आयटीआयला मोटार मेकॅनिक ट्रेडचा निदेशक होतो, आता रिटायर. गाव माण तालुक्यात, राहायला साताऱ्यात. हे पुस्तक मी १९८७ ला मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर घेतलं, का घेतलं तर कव्हरवर नुसती वाळू होती म्हणून. माझं इंग्रजी तेव्हा वर्कशॉप मॅन्युअलपुरतं. डिक्शनरी शेजारी ठेवून आठ महिने लागले आणि पहिली पन्नास पानं तर नुसती नावंच नावं, काहीही कळलं नाही. मग पाण्याचं प्रकरण आलं आणि मी अडकलो. पुस्तकातल्या त्या वाळवंटी ग्रहावर मेलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी काढून ठेवतात, समोर थुंकणं म्हणजे अपमान नाही तर मान, कारण अंगातलं पाणी दिलंस. सूट असा की स्वतःचाच घाम गाळून परत प्यायला मिळतो. ७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो, आमची आजी आंघोळीचं पाणी घंगाळात धरून ठेवायची, त्यातच भांडी विसळायची आणि उरलेलं म्हशीपुढे. मला ते परग्रह वगैरे काही वाटलं नाही, म्हसवडच्या पुढचं एखादं गाव वाटलं.

आणि गंमत म्हणजे वीसेक प्रकाशकांनी नाही म्हटल्यावर १९६५ ला हे पुस्तक छापलं कोणी, तर चिल्टन कंपनीने, जी गाड्या दुरुस्तीची मॅन्युअल छापायची! हे मला फार नंतर कळलं. तेव्हापासून ह्या पुस्तकावर आम्हा मेकॅनिक लोकांचा थोडा जास्त हक्क आहे असं मी समजतो, कोणी हसलं तरी.

तर पहिला भाग २२ ऑक्टोबर २०२१ ला लागला, म्हणजे कोरोनात बंद पडलेली आपल्या राज्यातली थेटरं ज्या दिवशी उघडली त्याच दिवशी, निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून. तोंडाला मास्क आणि पडद्यावर सगळ्यांच्या नाकात त्या सुटाच्या नळ्या, ते चित्र काही विसरणार नाही. दुसरा भाग खरा ३ नोव्हेंबर २०२३ ला यायचा होता, तिकडे हॉलिवूडच्या नटांचा संप झाला आणि तो गेला पुढे, आला १ मार्च २०२४ ला. आता १ मार्चला आमच्याकडे काय होतं तर धाकट्या भाच्याचा दहावीचा पहिला पेपर. त्यामुळे तो घरी, आणि मी आणि थोरली भाची दुसऱ्या रविवारी एसटीने पुण्याला आयमॅक्सला. तिला अर्धं तिकीट, मला पूर्ण, कारण मी बाई नाही आणि पासष्टचा अजून झालो नाही, हा माझा तिसराच विषय आहे, असो.

दोन तास सेहेचाळीस मिनिटं. वाळूतल्या अवाढव्य अळीवर तो पॉल पहिल्यांदा स्वार होतो तेव्हा खुर्ची अशी थरथरत होती की मला जुन्या लेलँडच्या केबिनची आठवण आली. पुस्तकात स्वार होताना ते हुकासारखे आकडे का लावतात ते नीट सांगितलंय, अळीच्या अंगावरच्या कड्याची कड आकड्याने उचलून धरायची, मग त्या उघड्या जागेत वाळू जाऊ नये म्हणून ती स्वतःच ती बाजू वर ठेवते आणि वाळूत बुडी मारत नाही. ही साधी यंत्राची गोष्ट आहे आणि पडद्यावर ती बोलल्याशिवाय दिसते, ह्यासाठी मी ह्या डेनी व्हिलनव्ह दिग्दर्शकाला पैकीच्या पैकी दिले. हार्कोनेन म्हणजे पॉलचं शत्रू घराणं, त्यांच्या ग्रहावरचा तो पांढराफट्ट आखाडासुद्धा, तो म्हणे इन्फ्रारेडमध्ये शूट केलाय, तिथे माणसांची कातडी बघून भाची म्हणाली मामा, ही माणसं सोललेल्या बटाट्यासारखी दिसतात. आणि मेलेल्या हार्कोनेन सैनिकांचं पाणी काढतात पण ते केमिकलचं, पिण्यालायक नाही, कूलिंगला चालेल असं तो वाळवंटातल्या लोकांचा म्होरक्या स्टिलगर सांगतो, तिथे अख्ख्या थेटरात मी एकटाच मोठ्याने हसलो. रेडिएटरमध्ये कसलं पाणी घालायचं ह्यावर मी वर्षानुवर्षं लेक्चर दिलंय.

येताना एसटीत खंबाटकी घाटात गाडी तासभर अडकली आणि तिथे भांडण सुरू झालं.

भाचीच्या ग्रुपमध्ये दोन पार्ट्या आहेत. एक पार्टी पुस्तक वाचलेली, म्हणजे तीन पोरं, त्यांचं म्हणणं तुमच्या पत्रलेखकासारखंच. चानी पुस्तकात पॉलच्या बाजूने शेवटपर्यंत उभी असते, त्याला तिच्यापासून मुलगा होतो, तो मारला जातो, आणि शेवटी पॉल गादीसाठी बादशहाच्या मुलीशी लग्न ठरवतो तरी ती गिळून राहते. पॉलची आई तिला सांगते की कागदावर बायको ती असली तरी इतिहास आपल्यालाच बायका म्हणेल, आणि तिथे पुस्तक संपतं. सिनेमात ह्यातलं काहीच नाही. वाळवंटातले लोक पॉलला भविष्यात सांगितलेला अवतार मानायला लागतात, पण त्यांच्यातल्याच चानीचा ह्या अवतारबाजीवर विश्वासच नाही, ती पहिल्यापासून म्हणते की आमची सुटका आमच्याच माणसाने करावी, आणि शेवटी सगळे गुडघे टेकतात तेव्हा ती एकटी उभी राहते, वळते आणि निघून जाते, वाळवंटात अळीची वाट बघत. दुसरी पार्टी पुस्तक न वाचलेली, तिला हा शेवट लय भारी वाटला. आणि प्रत्येक पार्टी दुसरीला म्हणते तुम्हाला कळलंच नाही.

आता माझं म्हणणं. मी १९८७ ला पुस्तक मिटलं तेव्हा माझा हिरो पॉल होता. बापाचा सूड घेतला, उपऱ्या बादशहाला गुडघ्यावर आणलं, अजून काय पाहिजे पंचवीस वर्षाच्या पोराला. मी तर त्या नशेत मित्राला स्टोरी सांगितली ती अशीच, शिवाजी महाराजांची गोष्ट सांगावी तशी. मला एकट्यालाच असं झालं नाही, जगभर झालं. आणि लेखक फ्रँक हर्बर्ट, त्याला नेमकं उलटं सांगायचं होतं, की ज्याच्या मागे लोक डोळे मिटून जातात त्या माणसापासून जपून राहा, तो चांगला असला तरी. त्याने १९६९ ला पुढचं पुस्तक लिहिलं, ‘ड्यून मसाया’, त्यात हाच पॉल बादशहा होऊन बसलाय आणि त्याच्या नावाने झालेल्या लढायांत ६१ अब्ज माणसं मेलीत, हा आकडा तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. ते पुस्तक मी १९९१ ला वाचलं आणि मला मित्राला फोन करून सांगावंसं वाटलं की अरे मी तुला चुकीची गोष्ट सांगितली. पण तो तोवर दुबईला गेला होता.

म्हणजे बघा, मूळ पुस्तकात इशारा आहे, पण तो इतका आत दडवलाय की माझ्यासारख्याला चार वर्षं आणि दुसरं पुस्तक लागलं. १९८४ चा जुना सिनेमा डेव्हिड लिंचचा, त्याने तर कहरच केला, शेवटी पॉल चक्क पाऊस पाडतो! म्हणजे अवतार खराच निघाला. आमच्या माणातल्या माणसाला शेवटी पाऊस पडलेला आवडणारच हो, पण अळीला पाणी म्हणजे विष, पाऊस पडला तर अळ्या मरणार, अळ्या मेल्या तर ज्या मसाल्यावर सगळ्या विश्वाचा धंदा चाललाय तो संपणार, एवढा साधा हिशोबही कोणी केला नाही. तिथे पुस्तकाचं वाटोळं झालं होतं. ह्या खेपेला जे झालंय ते मला दुरुस्ती वाटते. जो संशय लेखकाने पॉलच्या डोक्यात, त्याच्या स्वप्नांत ठेवला होता तो ह्या दिग्दर्शकाने उचलला आणि एका बाईच्या चेहऱ्यावर ठेवला. स्वप्नं पडद्यावर किती दाखवणार, दोन तास सेहेचाळीस मिनिटांत चेहरा पुरतो. आपले कीर्तनकार तेच तर करतात, आख्यान पोथीतलंच पण एखाद्या गावात एखाद्या पात्राच्या तोंडी दोन वाक्यं जास्त घालतात, आणि समोर बसलेल्या म्हातारीला पोथीतलं नेमकं तेवढंच कळतं. त्या बुवाला कोणी उभं करून विचारत नाही की हे कुठल्या अध्यायात आहे.

स्टिलगरचं तर अजून कोणी बोलतच नाहीये. पहिल्या तासात तो विनोदी आहे, पॉल म्हणतो मी तो अवतार नाही, की हा म्हणतो बघा, किती नम्र, म्हणजे तोच! थेटरभर हशा. आणि शेवटाकडे तोच माणूस तेच करतो आणि कोणी हसत नाही. पुस्तकात पॉलला एका क्षणी जाणवतं की आपला मित्र गेला आणि भक्त उरला, मला वाटतं ते वाक्य ह्या नटाने, हावियेर बार्देमने, बोलल्याशिवाय वठवलंय. माझ्या शेजारी बसलेला गृहस्थ इंटरव्हलपर्यंत खदखदत होता, नंतर गप्प. (इंटरव्हल सिनेमात नाहीच आहे, आपल्याकडे समोसे विकायला मध्येच कुठेतरी कापतात, वाक्य अर्धवट.)

मग सगळं चांगलंच का, तर नाही. पत्रलेखकाशी मी भांडतोय ते फक्त चानीवरून. वेळेच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. पुस्तकात पॉल त्या वाळवंटातल्या लोकांत काही वर्षं राहतो, भाषा, पाणी, अळीला चाहूल लागू नये म्हणून वाळूवर ताल मोडून चालणं, सगळं शिकत शिकत त्यांच्यातला होतो. सिनेमात त्याची आई सुरुवातीला पोटुशी आणि शेवटीसुद्धा पोटुशीच, म्हणजे सगळं नऊ महिन्यांच्या आत उरकलं. अहो, नऊ महिन्यांत आमच्या ट्रेडला पोराच्या हातात गिअरबॉक्स देत नाही आम्ही, आणि हा अख्ख्या ग्रहाचा पुढारी! त्यामुळे काय झालंय की ती माणसं भोळसट दिसतात, आणि पुस्तकात ती अजिबात भोळसट नाहीत, आपल्यापेक्षा हुशार आणि चिवट आहेत. पॉलची लहान बहीण आलिया, जी पुस्तकात चार वर्षांची पोर असून हार्कोनेनच्या त्या जाड्या सरदाराला, बॅरनला मारते, ती इथे पोटातूनच बोलते. एवढं जमवायला अवघड होतं हे मान्य, जन्मल्यापासून म्हातारीसारखं बोलणारं पोर पडद्यावर हास्यास्पद होण्याचीच भीती जास्त, तरी चुकल्यासारखं वाटतंच. आणि हवात कुठे गेला? पहिल्या भागात डोळे पांढरे करून हिशोब करणारा तो म्हातारा, पुस्तकात शत्रूच्या हाती सापडतो आणि त्याचं मोठं करुण प्रकरण आहे, इथे त्याचं नावसुद्धा कोणी काढत नाही. मला तो सगळ्यात आवडायचा. बादशहाचं काम केलेला म्हातारा नट मोठा आहे म्हणतात पण त्याला करायला काही दिलेलंच नाही, शाल पांघरून कार्यक्रमाच्या अध्यक्षासारखा बसलाय.

भाची म्हणते मामा, तुम्ही पुस्तकाशी लग्न लावलंय म्हणून तुम्हाला हवात आठवतो, मला कोण तो हेच आठवत नव्हतं. हेही खरंच असेल. अपेक्षा ज्याची त्याची. पहिला भाग बघून अडीच वर्षं थांबलेल्या पोरीची वेगळी आणि सदतीस वर्षं एका फाटक्या पुस्तकाला खाकी कव्हर घालून ठेवलेल्या माणसाची वेगळी. तिला मी म्हटलं पुस्तक घे वाच, तर तिने घेतलंय, चाळीसाव्या पानावर आहे आणि रोज रात्री मागची शब्दांची यादी उघडून मला शिव्या घालते.

दिग्दर्शकाला म्हणे ‘मसाया’वर तिसरा सिनेमा करायचाय. तो झाला तर चानी परत कशी आणणार हा मोठा पेच त्याने स्वतःच घालून घेतलाय, कारण त्या पुस्तकात ती पॉलपाशीच आहे. तुमचे पत्रलेखक तेव्हा म्हणतील बघा, सांगितलं नव्हतं, आणि कदाचित तेव्हा मला त्यांचं ऐकावं लागेल. तोवर त्यांचा आमच्याकडे एक चहा लागू, गरम.

आणि तुमच्या सदरामार्फत पुण्याच्या थेटरवाल्यांना एक विनंती. आमच्या धाकट्याचा शेवटचा पेपर २६ मार्चला आहे. तो पंधरा दिवस कानात बोटं घालून जेवतोय, ताई आणि मामा काय बोलतात ते ऐकू येऊ नये म्हणून. २७ पर्यंत दुपारचा एक तरी शो मोठ्या पडद्यावर राहू द्या. ह्या खेपेला पुढच्या रांगेतलं तिकीट मिळालं तरी चालेल, मान मोडली तर मोडली.

आपला,
एक निवृत्त निदेशक, सातारा