आमच्या शाळेचं मतदान आम्हाला करू द्या : राज्य निवडणूक आयुक्तांना खुलं पत्र

मा. राज्य निवडणूक आयुक्त साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातला, शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवरचा, सध्या पुण्यात नोकरीला. लोकसभेला मतदान केलंय, विधानसभेला केलंय, पण जिल्हा परिषदेला आजपर्यंत एकदाही मत टाकलेलं नाही. यात माझा आळस नाही साहेब, आमच्याकडं जिल्हा परिषदेचं मतदान झालं फेब्रुवारी २०१७ मध्ये, तेव्हा मला १८ पूर्ण नव्हती, आणि मार्च २०२२ ला मुदत संपली तेव्हा निवडणूक न होता प्रशासक बसले. माझ्या वयाची पोरं पंचविशी ओलांडून गेली, लग्नं झाली, काहींची लेकरं अंगणवाडीत जायला लागली, आणि ही लेकरं उद्या ज्या शाळेत बसणार ती शाळा चालवणारं सभागृह निवडायला आम्हाला अजून कुणी बोलावलेलंच नाही.

पोरांशी बोललो की बहुतेकांना वाटतं जिल्हा परिषदेची निवडणूक म्हणजे रस्त्याचं टेंडर, हायमास्ट, गटातटाचं राजकारण, आपल्याला काय करायचंय. शाळेचा विषय कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणि यात पोरांची चूक नाही, त्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही. अहो शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' लिहिलेलं असतं, चार वर्षं त्या अक्षरांखालून आत गेलो, तरी ही शाळा ज्यांची आहे त्यांना निवडून द्यायचं काम आपलंय हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं.

आता सगळंच काही जिल्हा परिषदेच्या हातात नाही हे मला माहितीय. शिक्षक भरती राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवरनं होते, बदल्या ऑनलाईन झाल्यात, धोरण मुंबईत ठरतं. पण गळणाऱ्या खोलीचं काय करायचं, पाडायची का दुरुस्त करायची, सेस फंडातनं, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातनं, शाळेला किती द्यायचं, पैसे आले तर ते कोणत्या गटात, म्हणजे जिल्हा परिषदेच्या कोणत्या मतदारसंघात, आधी जाणार, हे तिथंच ठरतं. जिल्हा परिषदेची शिक्षण समिती असते, तिला सभापती असतो, जिल्हा नियोजन समितीवर याच सभासदांमधनं माणसं जातात. २०२३ ला कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय निघाला तेव्हा आमच्या जिल्हा परिषदेत निवडून आलेला एकही माणूस नव्हता. वस्तीवरची शाळा गेली तर सहा वर्षांचं लेकरू पावसाळ्यात ओढा ओलांडून दुसऱ्या गावाला कसं जाणार, हे उभं राहून विचारायला सभागृहच नव्हतं. अधिकारी चांगला असेल, कामाचा असेल, पण त्याला पाच वर्षांनी आमच्या दारात यायचं नसतं.

आमच्याकडची अजून एक गोष्ट सांगतो, कारण मुंबईत बसून ती लक्षात येत नसेल. दसरा-दिवाळी झाली की आमची माणसं ऊसतोडीला निघतात, जोडीनं, नवराबायको, बहुतेक विशी-तिशीतली, मुकादमाकडनं उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते त्यामुळं थांबायचा प्रश्नच नसतो. माझे आईवडील सांगली-कोल्हापूरकडं जायचे, कधी कर्नाटकात. मी आजीपाशी राहायचो आणि जेवायला हंगामी वसतिगृहात, म्हणजे तोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी हंगामापुरती जी सोय असते तिथं, भाकरी-आमटी, कधी खिचडी. ते वसतिगृह शाळा व्यवस्थापन समिती चालवते पण मंजुरी आणि पैसे वरनं येतात. ज्या वर्षी मंजुरी वेळेत आली त्या वर्षी वर्ग भरलेला राहिला, आणि एका वर्षी ती आली तेव्हा ट्रॅक्टर जाऊन महिना झाला होता, निम्मी पोरं ट्रॉलीत बसून आईबापाबरोबर गेलेली, त्यातली काही मार्चमध्ये परत आली तेव्हा वाचायचंच विसरून गेली होती. माझ्या शेजारी बसणारी मुलगी तर परत शाळेत आलीच नाही. ही मंजुरी ऑक्टोबरच्या आत का येत नाही असं दरवर्षी ओरडून विचारणारा सभासद आम्हाला पाहिजे. आणि तो आम्हीच निवडू शकतो, कारण त्या वसतिगृहात जेवलेले आम्ही आहोत, साठीतल्या पुढाऱ्याला ते ऐकून माहिती असतं. २१ पूर्ण असतील तर आमच्यातलं कुणी उभंही राहू शकतं.

पण मतदान कधी ठेवता तेही बघा ना साहेब. २०१७ ला ते ऐन हंगामात आलं. उमेदवारांच्या गाड्या थेट उसाच्या फडावर गेल्या, माणसं भरून आणली, मत टाकून झालं की रात्रीतनं परत नेऊन सोडली. ज्याची गाडी त्याला मत, असं गावात उघड बोललं जायचं. ज्यांची लेकरं त्या शाळेत आहेत, ज्यांना सगळ्यात जास्त विचारायचंय, त्यांचंच मत असं परक्याच्या गाडीत बसून येत असेल तर ते विचारणार तरी कुणाला.

म्हणून माझी पहिली मागणी हीच की आमच्याकडची जिल्हा परिषद-पंचायत समितीची निवडणूक एप्रिल अखेर ते मे महिन्यात घ्या. तोडीवरची माणसं घरी आलेली असतात, बहुतेक कॉलेजच्या परीक्षा उरकत आलेल्या असतात, शाळांना सुट्टी असते त्यामुळं मतदान केंद्राला खोल्या मोकळ्या मिळतात. ऊन असतं हे मान्य, पण १३ मे २०२४ ला आमच्याकडं लोकसभेचं मतदान झालंच की.

दुसरं यादीचं. मतदार नोंदणीला आता वर्षातनं चार तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली तारीख. नगरपालिकांना तुम्ही १ जुलै २०२५ ची यादी धरली, म्हणजे जो ऑगस्टमध्ये १८ चा झाला तो डिसेंबरच्या मतदानाला बाहेरच राहिला. मतदानाच्या सगळ्यात जवळची तारीख धरा, आणि ती जाहीर करायच्या आधी बीड, पाटोदा, आष्टी, गेवराई, शिरूर इथल्या ज्युनियर आणि सिनियर कॉलेजात दोन-दोन दिवस नमुना ६, म्हणजे नवीन मतदार नोंदणीचा अर्ज, भरून घ्यायला माणूस बसवा. पुण्या-संभाजीनगरच्या होस्टेलवर आमची पोरं ढिगानं आहेत, नाव गावाच्या यादीत आहे का आणि नसेल तर काय करायचं हे त्यांना तिथंच कळलं पाहिजे.

आणि तिसरं, जाहिरातीत नुसतं 'मतदान करा' नका लिहू, त्यानं कुणी हलत नाही. सरळ लिहा की तुमच्या गावच्या शाळेची खोली, हंगामी वसतिगृह, शाळेतलं पाणी आणि संडास यावर बोलणारा माणूस तुम्ही या दिवशी निवडणार आहात. हे वाचून माझा चुलतभाऊ नक्की येईल, तो चाकणला कंपनीत आहे आणि त्याची पोरगी जूनमध्ये आमच्याच शाळेत पहिलीला बसणार आहे. त्याला तारीख महिनाभर आधी कळू द्या म्हणजे सुट्टी टाकता येईल.

आपला,
शिरूर कासार तालुक्यातला एक मतदार