शटडाउन संपलं, हप्त्याचं भांडण तसंच

महोदय,

अमेरिकेतल्या 2025 च्या शटडाउनवरचा, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कामकाज बंद पडलं त्यावरचा, आपल्या दैनिकातला अग्रलेख वाचला. दोन्ही पक्ष सारखेच हटवादी, असं म्हणून त्यात विषय मिटवला आहे. हट्ट दोघांचाही होता, मान्य. पण भांडण कशावरून पेटलं ते सांगायला हवं होतं, कारण 43 दिवस सरकार बंद ठेवूनही तो प्रश्न आहे तिथेच आहे.

प्रश्न आरोग्य विम्याच्या हप्त्याचा होता. ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळातला आरोग्य विम्याचा कायदा. त्याखाली विमा घेणाऱ्यांची हप्त्यातली सवलत 2021 मध्ये वाढवली गेली आणि तिची मुदत पुढे 2025 अखेरपर्यंत नेली. तोवर ठरावीक दर्जाच्या पॉलिसीचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांपलीकडे जात नव्हता. 2026 पासून उत्पन्नाची जुनी रेषा परत आली. 2026 च्या विम्यासाठी नवराबायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न 84,600 डॉलरच्या वर एक डॉलर गेलं तरी सवलत शून्य. आपल्याकडच्या नॉन-क्रीमीलेयर दाखल्यासारखाच प्रकार. डॅलसला राहणारे आमचे मेव्हणे 62 वर्षांचे आहेत, नोकरी सोडून छोटा व्यवसाय करतात. मेडिकेअरसाठी, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, पासष्टी गाठावी लागते. 2026 मध्ये दोन गिऱ्हाइकं सोडली तर रेषेच्या आत बसू का, असा हिशेब सध्या त्यांच्या घरात चालू आहे. धंदा कमी केलेला परवडेल असं वाटायला लावणारा हा कायदा!

2026 च्या विम्याची नोंदणी 1 नोव्हेंबरला सुरू होणार होती. त्यामुळे डेमोक्रॅट्सनी ऑक्टोबरमध्येच हा विषय ताणला, यात नुसतं नाटक नव्हतं. रिपब्लिकनांचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नव्हतं: वाढीव सवलत करोनाकाळापुरती होती, ती कायमची करायची तर दहा वर्षांत सुमारे 350 अब्ज डॉलर लागतील, तेव्हा आधी सरकार चालू करा, मग बोलू. पण बोलायचं कुणाशी? सभापती माइक जॉन्सन यांनी प्रतिनिधीगृह 19 सप्टेंबरनंतर थेट 12 नोव्हेंबरला मतदानासाठी भरवलं. सिनेटमध्ये खर्चाचा ठराव पुढे न्यायला 60 मतं हवीत, रिपब्लिकनांकडे होती 53. ही गोळाबेरीज पहिल्या दिवशीही सगळ्यांना माहीत होती.

भुर्दंड भरला तो तिसऱ्यानेच. विमानांची वाहतूक सांभाळणारे कर्मचारी बिनपगारी कामावर येत राहिले आणि शेवटी 40 विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली. सुमारे 4 कोटी 20 लाख लोकांचं नोव्हेंबरचं अन्नसाहाय्य लटकलं. परदेशी कर्मचाऱ्यांच्या एच-1बी व्हिसासाठी कामगार खात्याचा जो दाखला लागतो तो ऑक्टोबरभर अडकला, हे पुण्या-मुंबईतल्या आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. खासदारांचा पगार मात्र चालू.

मी कोषागारात नोकरी केली आहे. अर्थसंकल्प वेळेत मंजूर होणार नसेल तर आपल्याकडे लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरती आगाऊ मंजुरी, घेतात, आणि खर्चाला सभागृहाची मंजुरी मिळवता येत नसेल तर सरकारनेच पायउतार व्हायचं असतं. कारकुनाचा पगार वेठीला धरायची सोय नाही. अमेरिकेतही ती पूर्वापार नव्हती. मंजुरी लांबली तरी कार्यालयं बहुतेक चालूच राहत. 1980 मध्ये अॅटर्नी जनरल सिव्हिलेटी यांनी जुन्या कायद्याचा कडक अर्थ लावला, मंजुरी नाही तर काम नाही, आणि पुढच्यांच्या हाती आयतं हत्यार आलं. 2013 मध्ये रिपब्लिकनांनी याच ओबामाकेअरविरुद्ध ते 16 दिवस वापरलं. तेव्हा ओलीस ठेवून वाटाघाटी नकोत म्हणणारे डेमोक्रॅट्सच होते.

2025 मध्येही सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सच्या बाजूच्या आठ जणांनी बाजू सोडली तेव्हा कोंडी फुटली. बदल्यात काय मिळालं, तर सवलतीवर मतदान घेण्याचं आश्वासन. ते मतदान 11 डिसेंबरला झालं, 51 विरुद्ध 48, आणि साठाचा आकडा न गाठल्याने प्रस्ताव पडला. मेव्हण्यांची मागणी मला रास्त वाटते, पण ती मिळवायची ही रीत नव्हे. मुदत टळली की मागच्या वर्षीच्या दराने खर्च आपोआप चालू राहील, एवढी तरतूद केली तरी हे हत्यार बोथट होईल. पण ते दोघांनाही कधी ना कधी लागतं, म्हणून कुणी हात लावत नाही.

शेती आणि माजी सैनिक खात्यांची सोय सप्टेंबर 2026 पर्यंत झाली आहे. बाकीच्या बहुतेकांची मुदत 30 जानेवारी 2026 पर्यंतच होती. या विषयावरच्या पुढच्या अग्रलेखात हप्त्याचा आकडाही यावा, ही विनंती.

– एक निवृत्त कोषागार कर्मचारी, सातारा