शिराळ्याला निघालेल्या मित्रास

कराड
मृगाचा पहिला आठवडा

प्रिय विजय,

शिराळ्याच्या आरोग्य केंद्रात रुजू होतोयस, तेही ऐन पावसाच्या तोंडावर. तिथं ‘साप चावला’ असं थेट कमीच ऐकशील. ‘पान लागलं’ म्हणतील, ‘जनावर डसलं’ म्हणतील. केसपेपर काढणाऱ्याला हे आधीच सांगून ठेव.

शिराळा म्हटलं की लोकांना नागपंचमी आठवते, पण देशभरात घोणस आणि मण्यार नागापेक्षा जास्त माणसं मारतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं हा दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातला तो २०१७ साली. मरणारा बहुतेक शेतावरचा गरीब माणूस, मग घाई कुणाला असणार!

पहिली गोष्ट म्हणजे काचेच्या परीक्षानळ्या. कोरड्या, स्वच्छ, आणि साबणाच्या पावडरीनं न धुतलेल्या. नळीत शिरेतलं २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच आडवी करायची. रक्त पातळच राहिलं तर विष रक्तात भिनलंय, बहुधा घोणस किंवा फुरसं. नळी प्लास्टिकची असेल किंवा आत साबण राहिला असेल, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि सापाच्या विषावरची लस उगाच खर्ची पडते. साप ओळखत बसू नकोस. आपली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे.

विषाची लक्षणं दिसली की १० कुप्या. एकेका कुपीत १० मिली पाणी घालून अलगद फिरवायची, खळखळा हलवली की फेस होतो. मग सलाईनमधून तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप वजन बघून चावत नाही. त्वचेवर चाचणी डोस देऊ नकोस, त्यातून काही कळत नाही. लस सुरू करण्याआधीच अॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेव: मोठ्या माणसाला ०.५ मिग्रॅ, मांडीच्या स्नायूत. गांधी उठल्या, बीपी पडलं की ठिबक थांबव, इंजेक्शन दे, सावरल्यावर हळूहळू पुन्हा सुरू कर. घोणसीच्या रुग्णाची नळी सहा तासांनी परत लाव.

मण्यारीची मात्र धास्ती बाळग. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड होतात. नातेवाईक ‘पित्त झालंय’ म्हणतात आणि गोळी घेऊन परत जातात. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे असा आला की आधी पापण्या बघ, मग एका दमात मोठ्यानं आकडे मोजायला लाव. मोजणी घटत चालली तर श्वास जातोय. मण्यारीचा लकवा एकदा बसला की लशीनं उतरत नाही. हातानं श्वास देणारी अॅम्बू बॅग दाबत १०८ नं व्हेंटिलेटरपर्यंत पोचवायचं. निओस्टिग्मीनचं इंजेक्शन नागाच्या दंशात बरं लागू पडतं, मण्यारीच्या दंशात फारसं नाही.

गावात एकच सांग: करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही. अंगठी, जोडवी काढायची, मोडलेल्या हाडासारखी फळी लावायची आणि निघायचं. कुणी बांधून आलाच, तर लस सुरू होईपर्यंत गाठ सोडू नकोस; एकदम सोडलीस तर अडकलेलं विष अंगभर जाईल.

हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या खोपींत जा. मुकादमाला धरून कुटुंबागणिक मच्छरदाणी मिळव. ती अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली हवी, नुसती टांगलेली नको. आणि रात्रपाळीच्या विजेवर पाणी पाजणाऱ्यांकडे बॅटरी आणि गमबूट आहेत का, तेही बघ.

परीक्षानळ्यांचं मागणीपत्र रुजू व्हायच्या दिवशीच टाक.

तुझा,
सुरेश