आजोबांच्या हयातीतच वाटणी कागदावर यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर अनुदानाच्या याद्या लागल्या, तेव्हा मराठवाड्यातील अनेक घरांतली जुनी भाऊबंदकी उघड्यावर आली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी वाटणीवर शेती चालते. थोरला वरचा तुकडा कसतो, धाकटा ओढ्याकडचा, आणि सातबारा मात्र आजोबांच्या नावावर किंवा सामाईक असतो. सोयाबीन बुडते एकाचे, पण संमतीपत्रावर सही लागते सगळ्यांची. त्यात एखादा पुतण्या पुण्याला कंपनीत असतो आणि एखाद्या चुलत्याशी वर्षानुवर्षे अबोला असतो.

आजोबांसमोर हा विषय काढणे म्हणजे ते जाण्याची वाट पाहणे, असे समजले जाते. वास्तविक त्यांचा शब्द घरात चालतो तोवरच हे काम सुरळीत होऊ शकते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार सहधारकांना तहसीलदारांकडून जमिनीचे वाटप करून घेता येते. मात्र वाटणीपत्रात नुसते क्षेत्र लिहून भागत नाही. एकर-गुंठ्यांवरून जेवढी भांडणे होतात, त्याहून अधिक विहिरीवरून आणि वाटेवरून होतात. चिठ्ठ्या टाकून जमीन वाटली जाते. पण विहीर एकाच्या हिश्श्यात जाते, वीजजोडणी आजोबांच्या नावावर राहते, आणि मोटार जळाली तर खर्च कोणी करायचा हे कोणीच लिहून ठेवत नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले, की रात्रीच्या पाळीवरून काठ्या निघतात. मागच्या हिस्सेदाराने ट्रॅक्टर कोणत्या धुऱ्यावरून न्यायचा आणि ती वाट किती फूट, हेही वाटणीपत्रात असावे आणि विहिरीच्या हिश्श्यासह सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवले जावे.

लेकींचा विषय तर बैठकीत निघतच नाही. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत त्यांना मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. तरीही साडी-चोळी करून हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेणे सर्रास चालते. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर कोणाची हरकत असू नये. परंतु माहेर तुटेल या धाकाने केलेल्या सहीला राजीखुशी म्हणता येत नाही, आणि तिला वगळून केलेली वाटणी पुढे कोर्टात अडकते. आजोबांच्या पश्चात आजीही वारस असते, हे तर मुलांच्या गावीही नसते.

२०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहिमेतून मयत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्याचे काम शासनाने हाती घेतले, ते योग्यच झाले. तशीच शिबिरे हयात वृद्ध खातेदारांच्या कुटुंबांसाठीही गावोगावी घ्यावीत. ग्राम महसूल अधिकाऱ्यांबरोबर मोजणीचे कर्मचारीही तेथे असावेत आणि हक्कसोडपत्राचा अर्थ प्रत्येक बहिणीला भावांच्या अपरोक्ष समजावून सांगितला जावा. ऊसतोडीला गेलेली माणसे एप्रिल-मेमध्ये गावी परतलेली असतात आणि रानेही मोकळी असतात. त्यामुळे पेरणीच्या धांदलीआधीच्या या दोन महिन्यांतच ही शिबिरे व्हावीत, अशी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे.

— एक शेतकरी वाचक, ता. औसा, जि. लातूर