रिकाम्या रस्त्यावरचा पांगारा

कुडाळ,
१२ मे

प्रिय बाळ,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दोन पत्रांची उत्तरे राहिली, त्याबद्दल तू मनात जे काही म्हणाला असशील ते सगळे मान्य. माझी साखर आटोक्यात आहे, आईचे बरे चालले आहे. आज लिहायला बसलो ते अशा एका गोष्टीसाठी, जी इथे कोणाला सांगितली तर तो म्हणेल, "मगे त्यात काय झाला?"

आपले ते बेकेटचे 'गोदो' पुन्हा केले, झाडाखाली न येणाऱ्या गोदोची वाट पाहत बसलेल्या दिदी आणि गोगोचे नाटक. तर्जुमा तुझाच, वही तीच, नट मात्र सगळे पंचविशीतले. नाटक निवडण्याचे कारणही जुनेच : बाईमाणसाचे काम नाही, म्हणजे कोणाच्या घरी परवानगी मागत हिंडायला नको. अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात १९५७ साली हेच नाटक नेले तेही याच कारणाने, असे तू तेव्हा ऐटीत सांगायचास. मायामीत आदल्या वर्षी ज्या नाटकातून मंडळी मध्यंतरात उठून गेली, ते चौदाशे कैद्यांनी खिळून पाहिले, हेही. आपल्या १९९५ च्या प्रयोगाला शेवटी अकरा माणसे उरली, त्यांत तुझे काका झोपलेले. कैद्यांच्या दाराला कुलूप होते, हे माझे उत्तर तुला तेव्हा फार लागले होते.

या खेपेला सभागृह भरलेले होते. गोदोची वाट पाहायची आहे हे दिदी तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा पुढच्या रांगेतून एक गृहस्थ मोठ्याने बोलले, "गोदो येवचो नाय रे, शेवटची यष्टी कधीच गेली!" सगळे हसले. आपला गोगो गोंधळला आणि त्याने विंगेत माझ्याकडे पाहिले. आता नीट वाच : मी होकाराची मान हलवली. त्याने तत्काळ, "मगे आमी खंय जावचा?" असे थेट प्रेक्षकांनाच विचारले, आणि जो काय हशा झाला तो आपण दोघांनी मिळून आयुष्यात ऐकलेला नाही.

तुला आठवत असेलच. याच जागी तू दशावतारातल्या संकासुरासारखे पदरचे वाक्य टाकले होतेस, आणि बेकेटला एक विरामही इकडचा तिकडे झालेला खपत नाही, असे सगळ्यांदेखत सुनावून मी वहीत तांबड्या शाईने काट मारली होती. दुसऱ्या प्रयोगाला तू आला नाहीस. ती काट अजून आहे; पोरांनी वही वाचताना विचारले, "ह्या काय?" तर मी सांगितले, शाई सांडली.

म्हणून तू बरोबर होतास असे लिहून मोकळा होणार होतो, पण तसेही नाही. रात्रभर पाठांतराशिवाय रंगणारी सोंगे पाहत वाढलेला आपला प्रेक्षक. त्याला एकदा बोलायची मुभा मिळाली की तो थांबतो थोडाच? मालक पोझोने दोरी ओढून त्याच्या गुलामाला, लकीला पाडले, तेव्हाही तोच हशा. लकीच्या लांबलचक भाषणात "बस कर रे" असा ओरडा झाला. विंगेत माझे हातपाय गार पडले. एका मान हलवण्याने मी सगळे नाटक बिघडवले, असेच वाटत होते.

मग दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो मुलगा पुन्हा गोदोचा निरोप घेऊन आला : आज नाही, उद्या नक्की. तेव्हा तेच यष्टीवाले गृहस्थ, कोणाला ऐकवायचे नसल्यासारखे, हळूच म्हणाले, "ह्या पोराक खरा म्हायतीच नाय." कोणी हसले नाही. मी पहिल्याच वेळी डोळे वटारले असते, तर त्यांच्या तोंडून हे वाक्य निघाले असते का? चार रात्री याच विचारात आहे.

एक गंमत राहिली. झाड म्हणून पांगाऱ्याचा खुंट मातीच्या डब्यात रोवला होता. तालमींच्या वेळी पोरे त्याला पाणी घालत राहिली आणि त्याला खरोखरच पालवी फुटली. पहिल्या अंकाआधी मी ती रोज खुडायचो, अन् दुसऱ्या अंकात, संहितेत म्हटल्याप्रमाणे, चार-पाच पाने दोऱ्याने बांधायचो. प्रयोगानंतर एका आजींनी पान नखाने दाबून पाहिले, हिरवा रस बोटाला लागला, तेव्हा म्हणाल्या, "खरा आसा. मगे बांधलास कित्याक?"

लेकीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला, तारीख कळव. तुझा गुडघा कसा आहे?

पुढचा प्रयोग पावसाआधी आहे. पोरे विचारताहेत की यष्टीचे वाक्य आले नाही तर गोगोने काय करायचे, आणि आले तर काय करायचे. मी त्यांना सांगितले आहे की तर्जुमाकाराला विचारून सांगतो. लगेच लिही.

तुझाच,
विनू