साडेबारा चौरस मीटरचं गॅरेज : नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरामागच्या बागेत, कडुनिंबाला लागून एक गॅरेज आहे. वडिलांनी घर बांधलं तेव्हाचंच. मंजूर नकाशात ते आहे, टॅक्सच्या पावतीतही आहे. एके काळी तिथे फियाट उभी राहायची. आता एक स्कूटर, बागेची अवजारं आणि उन्हाळा सरला की आमचा कूलर. नागपूरकरांना हा उपयोग समजावून सांगायला नको.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा आमच्या गल्लीतही पाणी शिरलं. गॅरेज दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यात होतं. खाली आपली काळी माती. पाणी प्यायली की फुगते, मे महिन्यात आकसून फाटते. आधी करंगळी जाईल एवढी भेग होती. आता आडवा पंजा जातो. कडुनिंबाच्या मुळाने फरशी उचलली, दाराची चौकट वाळवीने पोखरली. थोडक्यात, ते पाडून त्याच जागी तेवढंच नवं बांधायचं आहे.

मिस्त्रीने पाहिलं आणि हसून म्हणाला, “बाबूजी, परवानगी कायले घेता? दुरुस्ती म्हणा, अन् एकेक भिंत बदलून टाकू.”

तो चुकीचं बोलला नाही, हीच तर अडचण आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात, इमारतीचं बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही. पाडणं मात्र ‘विकास’ आणि पुन्हा बांधणंही ‘विकास’. म्हणजे यंदा दोन भिंती आणि पुढच्या वर्षी दोन भिंती असं केलं तर मी सज्जन. चारही एकदम, अर्ज करून, पाया नीट भरून बांधायच्या म्हटल्या की मी विकासक! माझ्या ओळखीतल्या तिघांनी मिस्त्रीचाच मार्ग धरला. त्यांचे नवे विटकाम जुन्या, खचलेल्या पायावर उभे आहे.

मी अर्ज करायचं ठरवलं, आणि तिथे मला आमच्या प्लॉटचा गुन्हा कळला. २०२० च्या डिसेंबरात राज्यासाठी एकत्रित विकास नियमावली आली, तेव्हा शासनाने छोट्या घरांना दिलासा दिला : १५० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडावर मालकाने कागद आणि शुल्क दिलं की काम सुरू, १५० ते ३०० पर्यंत दहा दिवसांत परवानगी. चांगला निर्णय होता. पण आमचा प्लॉट ३६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ३३४ चौ. मी. जुन्या लेआउटमधले कितीतरी प्लॉट असेच, रेषेच्या जरासे पलीकडे. नियमावलीत मोटारीची एक जागा २.५ बाय ५ मीटर धरली आहे; आमचं गॅरेज तेवढंच, साडेबारा चौ. मी. प्लॉटच्या चार टक्केही नाही. तरी फाइल मात्र अख्ख्या नव्या घरासारखी : आर्किटेक्ट, आखीव पत्रिका (जागेच्या मालकीचा उतारा), साइट प्लॅन, साऱ्या प्लॉटचा हिशेब.

कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे, त्यात उत्तर आलं नाही तर मंजुरी समजायची. पण त्रुटी काढली, की आपण उत्तर दिल्यापासून साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून. माझ्या अर्जावर तीन त्रुटी निघाल्या. त्यातली एक झाडाचा घेर मोजून देण्याची, जे झाड मी तोडणारच नाही. शेवटी काउंटरवरच्या एका भल्या माणसाने (कोणत्या कार्यालयातल्या, ते राहू द्या) सल्ला दिला, “जुनी भिंत पाडू नका हो. एकदा पाडली की आजच्या नियमाने हद्दीपासूनचं अंतर मोजतील, तिथे पुन्हा उभी राहीलच असं नाही.” म्हणजे मंजूर नकाशात असलेली गोष्ट पडकी झाली तरी ठेवा, पाडली तर हक्क संपला.

शासनाची भीती मला समजते. आमच्याच रस्त्यावर एका गॅरेजचं किराणा दुकान झालं, एकाचं पार्लर. गॅरेज गेलं की मोटार रस्त्यावर येते. म्हणून सरसकट सूट मागत नाही. मंजूर नकाशातलं गॅरेज त्याच जागी, त्याच मापाचं, एका मजल्याचं बांधायचं असेल, तर भूखंड कितीही मोठा असो, बांधकामाच्या मापावरून दहा दिवसांत परवानगी द्या. आर्किटेक्टचा दाखला घ्या, आधीचे-नंतरचे फोटो घ्या. शेजाऱ्याच्या अंगणात पन्हळीचं पाणी पडणार नाही, हे लिहून घ्या. उद्या मी तिथे शटर लावून दुकान थाटलं, तर खुशाल नोटीस पाठवा.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात येताच. वेळ मिळाला तर येऊन बघा. सध्या भिंतीला दोन बल्ल्या लावल्या आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्याखालून कूलर ओढून काढावा लागतो. हे काम करायला मीच जातो, कामवाल्या बाईंच्या मुलाला पाठवत नाही.

आपला,
एक नागपूरकर